पाऊलमापकाची कुळकथा

पाऊलमापक, अर्थात पेडोमीटर, म्हणजे चालणाऱ्याची पावले आपोआप मोजणारे साधन. आज ते आरोग्याचे उपकरण म्हणून ओळखले जात असले, तरी त्याचे मूळ कुळ अंतरमापनाचे आहे. पावलाची लांबी ठाऊक असेल तर पावलांच्या संख्येवरून अंतर काढता येते, या तत्त्वावर १८६५मध्ये तिबेटकडे निघालेले सर्वेक्षक नैनसिंह रावत यांनी ठरावीक लांबीची पावले टाकत, जपमाळेच्या नेहमीच्या १०८ मण्यांऐवजी १०० मण्यांच्या माळेतील एकेक मणी दर शंभर पावलांनी सरकवत, ल्हासापर्यंतचा मार्ग मोजला. तेथे मोजायची होती ती वाट. चालणाऱ्याची प्रकृती हा त्या मोजणीचा विषयच नव्हता.

हा हेतू पालटला तो जपानमध्ये. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर व्यायामाविषयीची आस्था वाढली असताना, १९६५मध्ये यामासा या कंपनीने ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’, बाजारात आणला. कमरेला अडकवायच्या अशा यांत्रिक मापकांत स्प्रिंगवर तोललेला लहानसा दांडा पावलागणिक बसणाऱ्या हादऱ्याने खालीवर होतो आणि मोजणी एकाने पुढे सरकते. मोबाइलमध्ये व मनगटी पट्ट्यांत हेच काम त्वरणमापक, म्हणजे गतीतील बदल टिपणारा संवेदक, करतो. दहा हजार हा आकडा आयुर्मानाच्या अभ्यासातून निघालेला नव्हता. तो स्मरणात राहणारा सुटसुटीत आकडा होता आणि मापकाच्या नावाबरोबरच तो जगभर रूढ झाला.

मोजणीमुळे चालणे खरोखर वाढते का, याचे उत्तर २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २६ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्याने दिले: चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने गट पाडून केलेल्या चाचण्यांत, मापक वापरणारे इतरांपेक्षा दिवसाला सरासरी सुमारे २,५०० पावले अधिक चालले, आणि ही वाढ घडवण्यात ठरवून दिलेल्या लक्ष्याचा वाटा मोठा होता. पुढे २०१९मध्ये, सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७,००० अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात, रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर बराच कमी आढळला, तर सुमारे ७,५०० पावलांनंतर लाभाची चढती रेषा सपाट होत गेली.

या इतिहासाचा निष्कर्ष असा की लक्ष्य आवश्यक आहे, मात्र ते सर्वांसाठी एकच असण्याची गरज नाही; जो आज अगदी थोडे चालतो, त्याच्यापुढे दहा हजारांचा डोंगर उभा करण्यापेक्षा त्याच्या आजच्या पावलांत हजारभरांची भर सुचवणे अधिक शास्त्रीय आहे आणि अधिक माणुसकीचेही.