दोन तारांचा पीळ



मायक्रोफोनपुढें माणूस बोलतो, तेव्हां त्या यंत्रांतून निघणारी वीज व्होल्टाच्या कांहीं सहस्रांशांइतकीच असते. शेजारून जाणाऱ्या दिव्याच्या तारेंत मात्र २३० व्होल्टांचा दाब खेळत असतो. अशा बलाढ्य शेजाऱ्याच्या गोंगाटांतून हा क्षीण आवाज शेंकडों फूट दूर शाबूत पोंचावा कसा? हा प्रश्न टेलिफोनइतकाच जुना आहे. आणि त्याचें उत्तर बळानें नव्हे, युक्तीनें मिळालें.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस टेलिफोनचें पेटंट १८७६ सालीं मिळालें. त्या काळीं तारायंत्राची रीत अशी कीं, खांबांवरून लोखंडाची एकच तार न्यावी आणि परतीच्या वाटेचें काम जमिनीकडे सोंपवावें. टेलिफोननेंहि तीच रीत उचलली. परंतु टेलिफोनचा कान फार हळवा. शेजारच्या तारेंतील टकटक, परक्यांचें संभाषण, सारें त्यांत उमटे. कारण एका तारेंतील बदलता प्रवाह शेजारच्या तारेंत स्पर्शावांचून प्रवाह उत्पन्न करतो, हें फॅरडे यांनीं १८३१ सालींच दाखवून दिलें होतें. पुढें १८८८ सालीं अमेरिकेंतील रिचमंड शहरांत स्प्रेग यांची विजेची ट्राम यशस्वी झाली आणि शहरोशहरीं ट्रामगाड्या धांवूं लागल्या. त्यांचा परतीचा प्रवाह रुळांतून जमिनींतहि उतरे. एकाच वाटेवर ट्रामची घरघर आणि माणसाचा शब्द यांची गांठ पडली, आणि त्यांत शब्द बुडाला.

उपाय बेल यांनीं १८८१ सालींच पेटंट करून ठेविला होता. जमिनीचा आधार सोडावा, परतीस दुसरी तार द्यावी, आणि दोन्ही तारा एकमेकींस पीळ घालून न्याव्या. वरवर पाहतां हा दुप्पट तारेचा खर्च. पण पिळामुळें प्रत्येक तार घटकेंत उपद्रवाजवळ, तर घटकेंत त्यापासून दूर जाते. एकंदरींत दोघींवर सारखाच आघात होतो. ऐकणारें यंत्र दोन तारांतील फरक तेवढा ओळखतें. उपद्रव दोघींत समान, म्हणून तो फरकांत उरत नाहीं. आवाज दोघींत परस्परविरुद्ध, म्हणून तो शिल्लक राहतो.

खांबांवरील उघड्या तारांस पीळ घालतां येत नसे. तेथें ठराविक अंतरावर दोन तारांच्या जागांची अदलाबदल करीत. १८९२ सालीं न्यूयॉर्कपासून शिकागोपर्यंत तांब्याच्या दुहेरी तारेची वाट खुली झाली, तेव्हां पहिला शब्द बेल यांनींच उच्चारला.

आज संगणकांस जोडणाऱ्या नेटवर्क केबलींत ह्याच कल्पनेचा वारसा आहे. तींत आठ तारा, म्हणजे चार जोड्या. आणि शेजारणींचें बोलणें एकमेकींत मिसळूं नये म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ निराळा. संगणकाच्या अतिवेगवान कंपनांसाठीं तिची मर्यादा १०० मीटर धरतात. मानवी कानाची धांव सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतच. म्हणून मायक्रोफोनचा आवाज तींतून त्याहून लांबहि सुखरूप जातो.

मात्र पथ्यें पाळावीं लागतात. दोन्ही टोंकांचीं यंत्रें दोन तारांस समभावानें वागविणारीं हवींत. एका आवाजाच्या दोन्ही तारा एकाच जोडींतील असाव्या. एक ह्या जोडींतील व दुसरी त्या जोडींतील घेतली, तर पिळाचा गुण गेलाच. कंडेन्सर मायक्रोफोनास लागणारी ४८ व्होल्टांची वीज दोन्ही तारांतून जाऊन सामान्यतः केबलीच्या धातूच्या आवरणांतून परतते. आवरण नसेल, तर परतीसाठीं दुसरी जोडी द्यावी लागते.

जाड आवरण घातलें कीं आवाजाचें रक्षण झालें, असा समज आजहि आढळतो. आवरण उपयोगी आहेच. पण दोन तारांतील समतोल बिघडला, तर तें एकटें आवाज वांचवूं शकत नाहीं. केबल विकत घेतांना तिच्या जाडीपेक्षां आधीं तिचा पीळ पाहावा, हाच या इतिहासाचा व्यवहारी बोध होय.