पडद्यामागून पाहिलेला सिनेमा

२०२१ मध्ये मुंबईत बीकेसीला मॉलच्या गच्चीवर ड्राइव्ह-इन थिएटर सुरू झालं, तेव्हा भाच्याने मोठ्या कौतुकाने फोटो पाठवले. गाडीत बसायचं, काचा वर करायच्या आणि समोर सिनेमा. कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डनजवळ रिचर्ड हॉलिंग्सहेडने ६ जून १९३३ रोजी असं पहिलं थिएटर उघडलं. आपल्याकडे १९७३ मध्ये अहमदाबादला आणि १९७७ मध्ये वांद्र्याला ते आलं. सोलापुरात मात्र कधीच नाही. आमच्याकडे भागवत होतं, मीना होतं. पण चारचाकी होती कुणाकडे?

तरीही गाड्यांतून येऊन उघड्या आभाळाखाली पाहिलेला सिनेमा मला चांगला आठवतो. गाड्या बैलाच्या होत्या, एवढाच फरक.

अम्मीचं माहेर अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. उरुसात तंबू टॉकीज यायची. कधी हिंदी सिनेमा, कधी राजकुमारचा कन्नड. पण त्याला तिकीट पडायचं. फुकटचा सिनेमा दाखवायची ती सरकारी प्रचाराची गाडी. दोन बांबूंना पांढरं कापड ताणायचं, १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर लावायचा, जनरेटरची धडधड सुरू. आधी लाल त्रिकोणवाला कुटुंब नियोजनाचा माहितीपट, मग खतांचा, आणि सगळ्यांचा धीर संपत आला की एखादा जुना हिंदी सिनेमा. आसपासच्या वस्त्यांवरून बैलगाड्या येत. बैल सोडायचे, गाडीत कडबा अंथरायचा, त्यावर वाकळ. आम्ही पोरं निम्म्या सिनेमात तिथेच झोपून जायचो.

पडद्याच्या पुढे पुरुष बसत. आमच्या घरच्या बायका मागे. कापड पातळ असल्याने चित्र पलीकडूनही दिसायचं, फक्त उलटं. हा बंदोबस्त कुणी ठरवला होता, ठाऊक नाही. नानी सांगायची, पहिल्यापासून असंच. मागे एकट्या मुसलमान बायकाच असायच्या असंही नाही, पाटलांच्या घरच्याही तिथेच गाडीत पदर सावरून बसत. गोषा आमचा एकट्यांचा, हे नंतर शहरात येऊन ऐकलं.

मग आणीबाणी आली. जानेवारी १९७६ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीत, गावात आलेल्या माणसांना धरून गाडीत घातलं आणि त्यांची जबरदस्तीने नसबंदी केली. बातमी गावोगाव पोहोचायला वेळ लागला नाही. सरकारी रंगाची कुठलीही गाडी दिसली की गडीमाणसं ज्वारीच्या रानात पसार होऊ लागली. मामू तर दोन रात्री मळ्यातच झोपले. पंधरा-सोळा वर्षांची पोरंसुद्धा घरात थांबेनात.

त्या हिवाळ्यात प्रचाराची गाडी आली ती अशा गावात. भोंग्यावरून पुकारा झाला. पडदा लागला. पुढच्या मैदानात चार म्हातारे आणि कुत्री, बाकी सगळं रिकामं. गाडीवरचा माणूस बिचारा पोटार्थी. त्याने प्रोजेक्टर सुरू केला. लाल त्रिकोण पडद्यावर आला तसे म्हातारेही उठले.

थोडा वेळ बायका मागेच बसून राहिल्या. मग नानी उठली, चादर सावरली आणि पडद्याला वळसा घालून पुढे जाऊन बसली. तिच्यामागे अम्मी, खाला, पाटलीणबाई, सगळ्याच. मीही अम्मीचा हात धरून गेलो. भीती सगळ्यांनाच होती. अम्मी मधूनमधून रानाच्या दिशेने बघत होती. पण उठून कुणी गेलं नाही.

सिनेमा कुठला होता, आठवत नाही. हिरो जेवायला बसतो, असा प्रसंग होता. अम्मी एकदम नानीच्या कानाशी लागली. सिनेमातले लोक डाव्या हाताने जेवतात, म्हणून ती इतकी वर्षं त्यांना बेअदब समजत आली होती.

"अम्मा, देखो," ती म्हणाली, "सीधे हाथ से खा रहा है."