परराज्यात विद्युत मोटार : कुंभकोणमपर्यंतच्या चार्जिंगचे गणित
कुंभकोणम : पुण्याहून बेंगळुरू, सेलम, तिरुचिरापल्ली, तंजावर असा हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास करून विद्युत मोटार कुंभकोणमला नेणाऱ्यास प्लग जुळेल की नाही, ही चिंता आता फारशी उरलेली नाही. सध्या भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक विद्युत मोटारींना जलद चार्जिंगसाठी ‘सीसीएस-2’ आणि संथ चार्जिंगसाठी ‘टाइप-2’ हीच जोडणी असते. राज्य बदलले म्हणून ती बदलत नाही. अडचण येते ती पैसे भरताना.

चार्जिंग केंद्र चालवण्यास वीज परवान्याची आवश्यकता नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर अनेक कंपन्या या व्यवसायात उतरल्या आणि अनेकांनी स्वतंत्र ॲप व आगाऊ रकमेचे स्वतंत्र खाते ठेवले. नोंदणी सहसा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होते. त्यामुळे जेथे रेंज नाही तेथे, किंवा परदेशातून आलेल्या ज्या कुटुंबीयाकडे भारतीय क्रमांक नाही त्याच्यासाठी, सुस्थितीतील यंत्रही निरुपयोगी ठरू शकते. युरोपीय संघात 13 एप्रिल 2024 पासून नव्याने उभारल्या जाणाऱ्या, 50 किलोवॉट व त्याहून अधिक क्षमतेच्या सार्वजनिक केंद्रांवर बँक कार्डाने पैसे घेण्याची सोय बंधनकारक आहे. येथील प्रवाशाने मात्र मार्गावरील दोन-तीन कंपन्यांची नोंदणी घरूनच उरकलेली बरी.

तंजावर ते कुंभकोणम हे अंतर सुमारे 40 किलोमीटर. मुक्कामी लॉजमधील 16 अँपिअरच्या सॉकेटवरून तासाला साधारण तीन युनिट मिळतात, म्हणजे दहा तासांच्या रात्रीत तीसच्या आसपास. 40 युनिटच्या बॅटरीला एवढे पुष्कळ झाले. परंतु सॉकेटला अर्थिंग नसेल, तर गाडीसोबतचा चार्जर बहुधा सुरूच होत नाही. जुन्या इमारतींत हे आधी पाहावे. एक्स्टेंशन बोर्ड तापतो, तो टाळावा. विजेचे पैसे व्यवस्थापकाशी अगोदर ठरवलेले असावेत.

बारा वर्षांनी येणारा महामहम उत्सव येथे 2016 मध्ये झाला. पुढचा 2028 मध्ये आहे. महामार्गांवर दोन्ही बाजूंना दर 20 किलोमीटरवर चार्जिंग केंद्र असावे, असे ऊर्जा मंत्रालयाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही त्या गर्दीत गावात येणाऱ्याने बॅटरी तंजावरलाच भरून घ्यावी.