अंडाशयाचा पीळ : एका वैद्यकीय समजुतीचा इतिहास

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात नव्या शोधांची नोंद ठळकपणे होते. परंतु एखादी समजूत पुराव्याविना किती काळ टिकली, याची चर्चा क्वचितच होते. अंडाशयाला पीळ पडण्याच्या विकारावरील उपचारांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

या विकारात अंडाशय आपल्या आधारबंधांभोवती फिरते. बहुधा त्यावर गाठ वाढलेली असते. लहान मुलींमध्ये मात्र गाठ नसतानाही पीळ पडू शकतो. रक्त परत नेणाऱ्या नीला प्रथम दाबल्या जातात आणि अंडाशय सुजून काळेनिळे पडते. ओटीपोटात अचानक कळ येते, उलट्या होतात.

अंडाशयावरील शस्त्रक्रियेचा आरंभ १८०९ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात झाला. एफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड यांच्या अंडाशयाची प्रचंड गाठ काढली व त्या जगल्या. रुग्ण वाचणे हेच त्या काळी यश होते. १८७२ मध्ये तर बॅटी, टेट व हेगर या शल्यविशारदांनी इतर तक्रारींवर उपाय म्हणूनही अंडाशय काढण्यास प्रारंभ केला. या अवयवाच्या अंतःस्रावांचे महत्त्व त्या वेळी कळलेले नव्हते.

विसाव्या शतकात पीळ पडलेल्या अंडाशयाबाबत एक नियम रूढ झाला : पीळ न सोडवताच देठ बांधून ते काढून टाकावे. याची कारणे दोन होती. पीळ सोडवल्यास नीलेतील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाईल, ही भीती. आणि काळे पडलेले अंडाशय मृत असते, हा समज. स्टॅन्ली वे यांनी १९४६ मध्ये पीळ सोडवून केवळ गाठ काढण्याचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये मांडला होता, तरी नियम बदलला नाही. अनेक तरुण स्त्रिया व मुली आपले एक अंडाशय गमावत राहिल्या.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने परिस्थिती पालटली. १९८९ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथील आणि पुढे इस्रायलमधील डॉक्टरांनी पीळ सोडवून अंडाशय जागेवरच ठेवल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. २००३ च्या इस्रायली अभ्यासात पुढील तपासणीत ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांची अंडाशये कार्यक्षम आढळली. अंडाशयाला दोन धमन्यांतून रक्त मिळते. काळा रंग पुष्कळदा साचलेल्या रक्ताचा असतो, मृत्यूचा नव्हे. गुठळीच्या भीतीची छाननी १९९९ मध्ये झाली. प्रसिद्ध रुग्णांच्या त्या आढाव्यात फुप्फुसात गुठळी गेल्याचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के निघाले आणि पीळ सोडवल्याने ते वाढत नसल्याचे दिसले.

२०१९ मध्ये अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने किशोरवयीन मुलींत, अंडाशय काळे दिसले तरी, पीळ सोडवून ते वाचवावे अशी शिफारस केली. अर्थात यालाही मर्यादा आहेत. रजोनिवृत्तीनंतर किंवा कर्करोगाचा संशय असल्यास अंडाशय काढणे योग्य ठरू शकते; आणि उशीर जितका अधिक, तितकी ते वाचण्याची शक्यता कमी.

१९४६ चा अनुभव आणि १९९९ चा आढावा यांत ५३ वर्षांचे अंतर आहे. या काळात भीतीला आधार होता तो मुख्यतः पाठ्यपुस्तकांचा व गुरूंच्या शब्दाचा. शिकवलेले ज्ञान आणि तपासलेले ज्ञान यांतील हा फरक अध्यापनाच्या क्षेत्रानेही लक्षात घेण्याजोगा आहे.