गोळी लागल्यानंतरची वर्षं

2024 च्या दिवाळीत, म्हणजे 31 ऑक्टोबरला, ‘अमरन’ लागला तेव्हा आजूबाजूच्या गावांतून लोक एकेका मोटरसायकलवर तिघं-तिघं बसून तंजावरला येत होते. मेजर मुकुंद वरदराजन 2014 च्या एप्रिलमध्ये शोपियांत शहीद झाले, त्यांची ही गोष्ट, बरीचशी पत्नीच्या नजरेतून सांगितलेली. वेण्णारच्या काठच्या गावातले, मद्रास रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक हवालदार माझ्या ओळखीचे. सिनेमा कसा वाटला म्हणून विचारलं तर म्हणाले, “अच्छा है तंबी. पर जो जिंदा वापस आया, उसका पिक्चर है क्या?”

आहे, अण्णा. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या माणसावर आहे, असं मी त्यांना सांगितलं. मग तेच इथे लिहावंसं वाटलं.

मुरलीकांत पेटकर ईएमईचे जवान, फौजेतले बॉक्सर. 1965 च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक मणक्यात अडकली ती कायमचीच, आणि कमरेखालचं शरीर गेलं. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना ते पाण्यात उतरले. 1968 ला तेल अवीवला टेबल टेनिस खेळले. ऑगस्ट 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवलं. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण.

या स्पर्धाच मुळात जखमी सैनिकांसाठी सुरू झाल्या, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमन मणका मोडलेल्या सैनिकांवर उपचार करत. जुलै 1948 मध्ये त्यांनी 16 जखमी सैनिकांची, त्यात स्त्रियाही होत्या, तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथे आहे. तेव्हा पेटकर तिथे पोचले यात योगायोग कमी आणि फौजी वाट जास्त.

कबीर खानचा ‘चंदू चॅम्पियन’ जून 2024 मध्ये आला. कार्तिक आर्यनने घाम गाळलाय, पोहण्याचे प्रसंगही झकास आहेत. पण मला धरून ठेवलं ते म्हाताऱ्या मुरलीकांतने. अर्जुन पुरस्कार मिळाला नाही म्हणून तो थेट पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन जातो. प्रेक्षक हसतात. सैनिक बोर्डाच्या बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले माजी सैनिक ज्याने पाहिलेत, त्याला तितकं हसू येत नाही. हिशेब करा: गोळी ते पदक 7 वर्षं, पदक ते पद्मश्री (2018) 46 वर्षं. सिनेमाला पहिली 7 सोपी जातात. पुढच्या 46 मध्ये टेल्कोतली नोकरी, संसार, आणि नाव विसरलं जाणं. त्यात कॅमेऱ्याने टिपायचं तरी काय? तरी या चित्रपटाने निदान सुरुवात त्या टोकाकडून केली, हे मोठं.

नाना पाटेकरांनी ‘प्रहार’मध्ये (1991) हे वेगळ्या बाजूने गाठलं होतं. ओलिसांना सोडवताना पाय गमावलेला पीटर मुंबईला परततो, आणि त्याचा जीव घेतात ते शत्रू नव्हेत, खंडणी मागणारे गुंड. तो प्रसंग मला अजून बघवत नाही. शेवटाकडचं भाषण मात्र जरा लांबलंय, माझ्या मते.

या जातीचा सगळ्यात प्रामाणिक चित्रपट अजूनही 1946 चा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’. दोन्ही हात गमावलेल्या खलाशाचं काम हॅरॉल्ड रसेलने केलं. तो नट नव्हता, लष्करी प्रशिक्षक होता. 6 जून 1944 ला, नॉर्मंडीत फौजा उतरल्या त्याच दिवशी, अमेरिकेतल्या तळावर स्फोटात त्याचे हात गेले. त्या एका भूमिकेला दोन ऑस्कर मिळाले. 1992 मध्ये त्यातला एक त्याने लिलावात विकला, सुमारे 60 हजार डॉलरला. बायकोच्या औषधपाण्यासाठी, असं त्याने सांगितलं.

इथे बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आहे. सुट्टीच्या दिवशी जमेल तसा वाचतो. राजे, लढाया, तह सगळं आहे. लढाईतून लंगडत घरी परतलेल्या शिपायाचं नाव काही अजून सापडलेलं नाही.

पेटकरांना अर्जुन पुरस्कार अखेर जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रपती भवनात मिळाला. हवालदार अण्णांना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, उमर कितनी है? ऐंशी, म्हटलं.