रणगाड्याचा खरा रंग

पोथ्यांच्या पाठभेदांत ज्याची हयात गेली त्याने रणगाड्यांच्या वीतभर प्रतिकृतींविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु पस्तिसाव्या हिश्शाच्या प्रतिकृतीला रंग देणारा चिकित्सक छांदिष्ट आणि पोथीचा संपादक यांच्यापुढील प्रश्न एकच असतो. हाती आलेल्या साक्षींपैकी मूळची कोणती आणि मागाहून शिरलेली कोणती?

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर चालून गेलेले जर्मन रणगाडेच पाहा. प्रतिकृतिकार कित्येक दशके ते सरसकट गडद राखाडी रंगवीत आले. आधार काय, तर कृष्णधवल छायाचित्रे. त्यांत गाडी एकरंगी दिसते. पुढे टॉमस जेंट्झ आणि हिलरी डॉयल यांच्यासारख्या संशोधकांनी मूळ लष्करी दप्तरे धुंडाळली, तेव्हा निराळेच निघाले. १९३७ पासून वाहनांना गडद राखाडी व गडद तपकिरी असे दोन रंग देण्याचा हुकूम होता आणि तपकिरीचा वाटा सुमारे एक तृतीयांश होता. निव्वळ राखाडीचा हुकूम सुटला तो जुलै १९४० मध्ये, म्हणजे फ्रान्स पडल्यानंतर! मग छायाचित्रांत तपकिरी दिसत का नाही? दोन्ही रंगांचा काळोखेपणा जवळजवळ सारखा, आणि वर धुळीचे पुट. आता तीच छायाचित्रे हुकूम वाचून पुन्हा न्याहाळली, तर काहींत पट्ट्यांच्या पुसट कडा दिसू लागतात. छायाचित्र खोटे बोलत नव्हते. त्याला विचारावयाचा प्रश्नच कोणाला सुचला नव्हता.

दुसरे उदाहरण मला अधिक बोधप्रद वाटते. १९४०-४१ मध्ये उत्तर आफ्रिकेतील ब्रिटिश रणगाड्यांवर सरळ, तिरक्या पट्ट्यांची तिरंगी रचना असे. डिसेंबर १९४० मध्ये सिदी बरानीच्या लढाईत आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या सोबतीस असलेले माटिल्डा रणगाडे याच काळातले. या तीन रंगांपैकी एक फिकट निळा, अशी समजूत पुष्कळ वर्षे रूढ होती, कारण इंग्लंडमधील एका संग्रहालयातला माटिल्डा तसा रंगविलेला होता. प्रत्यक्ष वस्तूच समोर उभी. मग शंका कोण घेणार? पण यंत्र अस्सल असले तरी वरचा लेप युद्धानंतरचा होता. जुन्या पोथीवर नव्या लेखनिकाने हात फिरवावा, तसेच हे झाले. माइक स्टार्मर यांनी ब्रिटिश प्रमाण रंगपत्रिका तपासून दाखविले, की ज्याला तेथे 'रुपेरी राखाडी' म्हटले आहे तो प्रत्यक्षात हिरवट राखाडी आहे. नावे फसवतात. आपल्या 'खाकी'चेच पाहा ना! फारसी 'खाक' म्हणजे धूळ. पण कोणत्या मुलखाची?

लहान वस्तूवर रंग थोडा फिकट द्यावा की नाही, या वादात मी पडत नाही. तो इतिहासाचा नव्हे, दृष्टीचा प्रश्न आहे.

मात्र जेथे हुकूम हाती असूनही निर्णय होत नाही, असेही एक स्थळ आहे. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन वाहने कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात निघू लागली. हिरवा आणि तांबूस तपकिरी हे रंग घट्ट लगद्याच्या स्वरूपात डब्यांतून पलटणींना मिळत, आणि ते पेट्रोलमध्ये वा पाण्यात कालवून सैनिकच गाडीवर चढवीत. कोणी दाट लावी, कोणी पातळ. पेट्रोलची चणचण असली की पाणीच वापरावे लागे, आणि पाण्यात कालवलेला तो थर पावसात ओघळून जाई.