हरवलं खरं, पण कुणाला?

रॉकी मार्सियानोचा ४९-० हा आकडा दिसायला इतका देखणा आहे, की त्याच्याशी वाद घालूच नये असं वाटतं. ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट. हेवीवेटचा जगज्जेता असतानाच, १९५६ साली, गडी निवृत्त झाला आणि परत आलाच नाही. आता त्याच्या शेजारी मुहम्मद अलीचा आकडा ठेवा. ६१ लढती, ५६ विजय, ५ पराभव. आमच्या घरातल्या तरुण मंडळींचं गणित सरळ आहे. शून्य हे पाचापेक्षा कमी, म्हणून मार्सियानो मोठा. विषय संपला!

मला विचाराल तर विषय तिथे सुरू होतो. आपल्याकडे कुस्तीच्या फडात निकालाच्या आधी 'जोड' बघतात. बरोबरीची जोड लागली असेल तर हरणाऱ्यालाही टाळ्या मिळतात, आणि जोडच विजोड असेल तर जिंकणाऱ्याचं कौतुक कुणी फारसं करत नाही. हाच नियम हेवीवेट विजेत्यांना लावून बघायचा असं बरेच दिवस मनात होतं. किती जणांना हरवलं हे बाजूला ठेवू. कुणाला हरवलं, आणि ते कुठल्या वयात असताना, ते बघू.

सुरुवात मार्सियानोपासूनच. नावं बघाल तर चारही मातब्बर आहेत. जो लुई, जर्सी जो वॉलकॉट, एझार्ड चार्ल्स, आर्ची मूर. कुठल्याही इतिहासात या चौघांना स्वतंत्र प्रकरण मिळेल. पण वयं बघा. ऑक्टोबर १९५१ मध्ये लुईला हरवलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. एकदा निवृत्त होऊन पुन्हा उतरलेला. सप्टेंबर १९५२ मध्ये वॉलकॉटकडून किताब घेतला तेव्हा वॉलकॉट ३८ चा. मूरच्या जन्मसालाबद्दलच वाद आहे, त्यामुळे १९५५ मध्ये तो ३८ चा होता की ४१ चा हे तुम्ही कुठलं साल मानता त्यावर ठरतं. चार्ल्स तेवढा ३२-३३ चा, पण त्याचेही उमेदीचे दिवस एक वजनगट खाली, लाइट हेवीवेटमध्ये गेलेले.

म्हणजे मार्सियानो फुकटचा मोठा झाला का? तसंही नाही. वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडलं होतं. बारा फेऱ्यांनंतर तो गुणांवर मागे होता. तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एकच ठोसा बसला आणि कारभार आटोपला. हा माणूस जेमतेम १८५ पौंडांचा, म्हणजे ८४ किलोच्या आसपास. आजच्या वर्गवारीत त्याला हेवीवेटमध्ये उभंही केलं नसतं, खालच्या क्रूझरवेटमध्ये धाडलं असतं. शिवाय समोर जे होते तेच तेव्हाचे सर्वांत चांगले होते. तरुण, ताज्या दमाचे प्रतिस्पर्धी त्या काळाने निर्माणच केले नाहीत, तर त्याने काय करावं? त्याने कुणाला टाळलं नाही, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं.

आता जो लुई. १९३७ ते १९४९ विजेता, २५ वेळा किताब राखला. इतका मोठा विक्रम हेवीवेटमध्ये आजही कुणाचा नाही. पण डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत त्याने सात वेळा किताब पणाला लावला, तेव्हा पत्रकारांनी त्या प्रतिस्पर्ध्यांना जे टोपणनाव दिलं त्याचा मराठी अर्थ साधारण 'दर महिन्याला एक टुकार' असा होतो. गंमत अशी, की या मालिकेतला शेवटचा बिली कॉन हा लाइट हेवीवेटवाला जवळजवळ जिंकलाच होता. बारा फेऱ्या लुईला नाचवलं, गुणांवर पुढे होता, आणि तेराव्यात नॉकआउट करायच्या मोहात स्वतःच आडवा झाला. टुकारांच्या यादीतही एखादा कॉन निघतो.

आणि लुईची दुसरी यादी? कार्नेरा, मॅक्स बेअर, शार्की, ब्रॅडॉक, श्मेलिंग, वॉलकॉट. आधी किंवा नंतर विजेतेपद मिळवलेले सहा जण त्याच्याकडून हरले. श्मेलिंगने त्याला १९३६ मध्ये बाराव्या फेरीत झोपवलं होतं. १९३८ मध्ये लुईने तो हिशेब पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत चुकता केला. ज्याने आपल्याला पाडलं त्यालाच पुन्हा बोलवून हरवणं, याला माझ्या वहीत दुप्पट गुण आहेत.

या हिशेबाने अलीची यादी वाचायला लागलं की छाती दडपते. लिस्टन, पॅटर्सन, फ्रेझियर, फोरमन, नॉर्टन, क्वेरी, लाइल, शेव्हर्स. यातल्या बऱ्याच जणांना त्याने त्यांच्या ऐन भरात गाठलं. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात फोरमन समोर आला तो २५ वर्षांचा, ४० पैकी ४० लढती जिंकलेला, त्यातल्या ३७ नॉकआउट. आणि अली ३२ चा! मार्सियानोच्या चित्राच्या बरोबर उलटं चित्र. इथे म्हातारा होऊ लागलेला होता तो अली.

पण या यादीतच एक गमतीचा घोळ आहे. फोरमनने १९७३ मध्ये फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. १९७४ मध्ये नॉर्टनलाही दोन फेऱ्यांत गुंडाळलं. त्याच नॉर्टनने १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं होतं, आणि त्याच फ्रेझियरने १९७१ मध्ये अलीला पहिला पराभव दाखवला होता. आणि अलीने फोरमनला हरवलं. म्हणजे अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, आणि क ने अ ला. गणितातला नियम इथे चालत नाही. मुष्टियुद्धात शैलीला शैली भिडते. नॉर्टनची विचित्र ठेवण अलीला शेवटपर्यंत उलगडली नाही. १९७६ ची त्यांची तिसरी लढत अलीला दिली गेली, पण ती नॉर्टनने जिंकली होती असं मानणारे आजही आहेत. तेव्हा 'कुणाला हरवलं' ही कसोटीसुद्धा डोळे झाकून लावता येत नाही.

शिवाय प्रतिस्पर्ध्याची किंमत कधीकधी फार उशिरा कळते. फोरमनने नोव्हेंबर १९९४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, आपल्याहून जवळजवळ १९ वर्षांनी लहान मायकेल मूररला पाडून पुन्हा विजेतेपद घेतलं. वीस वर्षांनंतर! त्या दिवशी किन्शासातला विजय अलीने काहीच न करता आणखी मोठा झाला.

याच्या उलट नशीब लॅरी होम्सचं. वीस वेळा किताब राखला, ४८-० पर्यंत पोचला. पण त्याच्या यादीतलं सर्वांत मोठं नाव म्हणजे अली, आणि तो अली ऑक्टोबर १९८० मधला. ३८ वर्षांचा, पाय संपलेला. दहा फेऱ्यांनंतर अलीच्या कोपऱ्यातल्या माणसांनीच लढत थांबवली. होम्स एके काळी अलीचा सरावातला जोडीदार. हा विजय त्याला कुणी जमेला धरला नाही, आणि त्याला स्वतःलाही तो मिरवता आला नाही. पुढे २१ सप्टेंबर १९८५ ला तो मायकेल स्पिंक्सकडून हरला आणि मार्सियानोच्या आकड्याला एका विजयाने मुकला. मार्सियानोची शेवटची लढत बरोबर तीस वर्षांपूर्वी याच तारखेला झाली होती! मोठ्या माणसाच्या मागोमाग येणाऱ्याची यादी नेहमीच फिकी दिसते. टेंडुलकरनंतर फलंदाजीला येणाऱ्याला विचारा :)

आतापर्यंत आपण हरवलेल्यांच्या याद्या बघितल्या. पण मला जास्त छळतात ती यादीत नसलेली नावं. सॅम लँगफर्ड हे त्यातलं पहिलं. जॅक जॉन्सनने त्याला १९०६ मध्ये हरवलं होतं, तेव्हा लँगफर्ड वजनाने बराच हलका होता. १९०८ मध्ये जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला, आणि मग लँगफर्डला त्याने किताबाची संधी दिलीच नाही. गोऱ्या आव्हानवीरांशी लढण्यात पैसा जास्त होता. १९१५ मध्ये जॉन्सन हरल्यावर तर दारच बंद झालं. १९३७ मध्ये लुई येईपर्यंत, २२ वर्षं, एकाही कृष्णवर्णीयाला या किताबासाठी लढू दिलं नाही. हॅरी विल्स वर्षानुवर्षं जॅक डेम्प्सीची वाट बघत राहिला. १९२५ मध्ये करारसुद्धा झाला, लढत झाली नाही. डेम्प्सीच्या यादीतली ती रिकामी जागा त्याच्या सगळ्या नॉकआउटपेक्षा मला मोठी वाटते. लँगफर्ड १९४४ मध्ये एका पत्रकाराला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सापडला. जवळजवळ आंधळा, कफल्लक. कुठल्याच विजेत्याच्या रकान्यात त्याचं नाव नीट बसत नाही, कारण त्याला तिथे येऊच दिलं नव्हतं.

अलीकडचं बोलायचं तर युक्रेनचा उसिक. जुलै २०२५ पर्यंत त्याच्या व्यावसायिक लढती अवघ्या २४, पण त्यात जोशुआ दोनदा, फ्युरी दोनदा, दुबुआ दोनदा. आकडा लहान, यादी वजनदार. शून्यही त्याच्याकडे आहे, पण त्या शून्याआधी लोक नावं मोजतात, हे मला बरं वाटतं.

मग माझं मत काय? प्रतिस्पर्ध्यांवरून बघितलं तर अली पहिला, लुई दुसरा. फार विचार करावा लागत नाही. पण एक गोष्ट मोजायची राहते. ही यादी फुकट मिळत नाही. १९७५ मध्ये मनिलात अली आणि फ्रेझियर चौदा फेऱ्या एकमेकांना अक्षरशः कुटत होते. १९७७ मध्ये शेव्हर्सचे ठोसे खाल्ल्यावर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको त्याला थांब म्हणून सांगत होते. त्याने ऐकलं नाही, तेव्हा डॉक्टरच सोडून गेले. त्यानंतरही अली चार लढती लढला, त्यातल्या तीन हरला. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं, तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. मार्सियानो ३२ व्या वर्षी, हातपाय आणि डोकं शाबूत असताना, घरी गेला.

म्हणून आमच्या घरातल्या तरुण मंडळींना एवढंच सांगेन, की ४९-० मधलं शून्य मला अलीपेक्षा मोठेपणाचा पुरावा वाटत नाही. पण वेळेवर उठून घरी जाण्याचा तो पुरावा नक्कीच आहे, आणि अलीच्या एवढ्या मोठ्या यादीत तेवढं एक काही सापडत नाही.

असो. तुमची यादी वेगळी असेल तर जरूर सांगा. फक्त नावांपुढे वयं लिहा!